टाकीवरचे तीन आकडे

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात असली काय आणि नकली काय हे माझ्या मामासासऱ्यांइतकं कुणालाच कळत नव्हतं, आणि हे मी जावई म्हणून सांगत नाही, त्यांच्या हाताखाली भरडला गेलेला माणूस म्हणून सांगतो. लोखंड असो, हळद असो, जवसाचं तेल असो नाहीतर नवरदेव असो, मामाजी ते हातात घेणार, उजेडाकडे फिरवणार, अंगठ्याच्या नखानं कोपऱ्यात जरासं खरडणार आणि एका शब्दात निकाल देणार. त्यावर अपील नाही. मी बोरी अरबला मुलगी बघायला गेलो तेव्हा कार्यक्रम मुलीच्या ह्या मामांकडेच होता. घरच्यांनी माझ्या मनगटावर मोठ्या भावाचं चकचकीत घड्याळ बांधून मला पाठवलं होतं. पोह्यांच्या बशा फिरत असताना कोपऱ्यातून एक उंच, हडकुळे गृहस्थ उठले, माझ्याशेजारी येऊन टेकले आणि वैद्यानं नाडी बघावी तसा त्यांनी माझा हात हातात घेतला. घड्याळाच्या पट्ट्यावर नख ओढलं. पिवळा मुलामा नखावर आला. "घड्याळ नकली हाये," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. माझ्या वडिलांच्या हातातली बशी थांबली. मग मामाजींनी तितक्याच बारकाईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "मानूस असली हाये. देऊन टाका पोरगी." लग्न ठरलं, आणि पुढे संसारात जेव्हा जेव्हा बायकोनं माझी कानउघाडणी केली तेव्हा तेव्हा मी तिला हे प्रमाणपत्र दाखवत आलो.

मामाजींची शेती होती, कापूस आणि तूर, पण ती मोठा मुलगा बघायचा. मामाजी स्वतः घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये राहायचे म्हटलं तरी चालेल. जेवायला घरात, झोपायला घरात, बाकी सगळा वेळ शेडमध्ये. तिथे पोत्यांवर, खुंट्यांवर आणि जुन्या लाकडी खाटेवर एक मोटरसायकल सुटी होऊन पसरलेली होती. साधीसुधी नव्हे, दुसऱ्या महायुद्धात गोऱ्यांच्या फौजेनं वापरलेली विलायती गाडी. एकाच सिलिंडरची, पण उचलायला तीन माणसं लागतील अशी. तिचे जितके भाग मूळचे होते तितके गोळा करून ती होती तशी उभी करायची, एवढंच काम मामाजींनी म्हातारपणासाठी काढून ठेवलं होतं. ह्यातला "मूळचे" हा शब्द महत्त्वाचा. नवा भाग कुठूनही मागवता येतो, कुरियरनं घरपोच येतो. माझ्या मेव्हण्यानं एकदा वडिलांवरच्या मायेपोटी हँडलच्या दोन रबरी मुठी मागवून दिल्या. मामाजींनी त्या डब्यातून काढल्यासुद्धा नाहीत. "रबर?" म्हणाले. "लढाईत रबर कुठी भेटे बावा? तवा मुठीवर कॅनवास गुंडायत. हे शांततेच्या टाइमातलं हाये." त्या मुठी शेवटी नातवाच्या सायकलला लागल्या.

असली भाग ओळखायची त्यांची विद्या मी जवळून पाहिली, कारण दिग्रसहून सुट्टीत गेलो की दिवा धरायचं काम माझं. जावयाला पाटावर बसवायचं, पंचपक्वान्नं वाढायची, आणि ताट निघालं की "जवाईबापू, जरा इकडं या" म्हणून शेडमध्ये नेऊन हातात बॅटरी द्यायची, असा त्या घरचा मानपान होता. ते बोल्टचं डोकं घासून मला दाखवत. त्यावर उठावाची बारीक अक्षरं निघाली तर ठीक. मग आटे. विलायती आटे इंचातले. आपल्याकडचा मिलिमीटरचा नट त्यावर दोन वेढे जातो आणि अडकतो. असा नट अडकला की मामाजींच्या तोंडावर चप्पल घालून देवघरात शिरलेल्या माणसाकडे बघावं तसा भाव येई. मिलिमीटरचा पाना त्या शेडमध्ये आणायला बंदी होती, मेव्हण्याच्या ट्रॅक्टरचे पाने बाहेर तुळशीपाशी ठेवावे लागत. मूळचा मुलामा मळकट राखाडी असतो, चकाकला की समजायचं नवा. आणि सर्वात महत्त्वाचं, भागावर ठोकलेला आकडा. "पाहा," ते म्हणत, "हा सात जरासा कलला हाये. मानसानं हातानं ठोकला, मांगून साहेब वरडून राह्यला असन, लढाईची घाई. म्हून कलला. सरय आला म्हंजे नकली." मी चित्रकलेचा मास्तर. आयुष्यभर पोरांना सरळ रेघ मारायला शिकवली. माझ्यासमोर ते हे असं बोलायचे आणि मी बॅटरी धरून मान डोलवायचो.

हे भाग त्यांनी जिल्हाभर हिंडून गोळा केले होते. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला आम्ही सगळे गेलो होतो, तर देवळाबाहेरची नारळवाली एका वाकड्या लोखंडी दांड्यानं नारळ सोलत होती. मामाजी तिच्यासमोर बसले ते उठेनात. आमचं दर्शन झालं, प्रसाद झाला, मामी दोनदा हाक मारून गेल्या. तो दांडा गाडीच्या किकचा होता. मामाजींनी बाजारातून नवाकोरा कोयता आणून त्या बाईला दिला आणि किक रुमालात गुंडाळून छातीशी धरून एसटीत बसले. "देवाचं दर्शन तं घ्या आता," मामी म्हणाल्या. "झालं नं," मामाजी म्हणाले. गाडीचा दिवा गावातल्याच पिठाच्या गिरणीत बल्बवर झाकण म्हणून सापडला. मागचं कॅरिअर एका नात्यातल्या घरी पाण्याच्या हंड्याखाली होतं, आणि मामाजी तिथे गेले होते ते भेटीला, म्हणजे त्या घरची म्हातारी वारली होती म्हणून. सगळे खाली मान घालून बसलेले. मामाजींची मानही खाली, पण नजर हंड्याच्या खाली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या घरच्या लोकांना वाटलं केवढा जीव होता ह्यांचा आमच्या आईवर, आणि अजूनही त्यांना तसंच वाटतं. तेराव्यानंतर कॅरिअर त्यांनी स्वतःहून आणून दिलं.

आलेला प्रत्येक भाग एका वहीत चढायचा. लांब, पुठ्ठ्याची, शेतीच्या कामाची वही. तीन रकाने. पहिल्यात भागाचं नाव, दुसऱ्यात "अ" किंवा "न", म्हणजे असली किंवा नकली, आणि तिसऱ्यावर लिहिलेलं "साक्ष". हे कशावरून ठरवलं ते त्यात यायचं. "साक्ष : आटे." "साक्ष : डोक्यावरची अक्षरं." "साक्ष : रंगाचा वास." हो, वाससुद्धा. गिरणीवाल्यानं दिवा देताना शपथेवर सांगितलं होतं की हा तुमच्याच वडिलांच्या गाडीचा, मी लहानपणी पाहिलाय. मामाजींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, चहा घेतला, आणि वहीत लिहिलं, "साक्ष : काचेच्या कडेचा छापा." मी म्हणालो, अहो तो माणूस स्वतः सांगतोय ना. तर म्हणाले, "मानसाची साक्ष चालत नाई जवाईबापू. मानूस मायेनं बोलते, भेवानं बोलते. लोखंडाले दोनी नाई."

आता सांगतो की हे भाग जिल्हाभर पांगले कसे. ते मामाजींनीच पांगवले होते. ही गाडी त्यांच्या वडिलांची. वडील लढाईत फौजेत मिस्त्री होते, ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेले. लढाई संपल्यावर काही वर्षांनी फौजेच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला, तिथून त्यांनी ही आणली आणि गावाला सांगितलं की ब्रह्मदेशात मी जी चालवत होतो तीच ही गाडी, रांगेत उभ्या शेकडो गाड्यांतून मी तिला ओळखली. हे ते वारंवार सांगत. मामाजी वीस-बावीस वर्षांचे असताना एकदा पारावर चार माणसांत ते असंच सांगत होते, आणि मामाजी सगळ्यांसमोर बोलून गेले, "बुढा थापा मारते. हजारो गाड्याईत याले याचीच कशी भेटली?" लोक हसले. त्यानंतर वडिलांनी ती गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही. फार जगलेही नाहीत. ते गेल्यावर मामाजींनी गाडीला लाल रंग फासला, दोन वर्षं उडवली, मग नवी गाडी आली तशी जुनी खोलून ज्याला जे हवं ते देऊन टाकलं. हे मला मामींनी सांगितलं, मामाजींनी नव्हे. मामाजी फक्त म्हणायचे, "तवा मले अक्कल नवती."

पुढे फार वर्षांनी घराची डागडुजी करताना वडिलांची ट्रंक उघडली आणि त्यात ब्रह्मदेशातला एक फोटो निघाला. वडील गाडीवर बसलेले, अंगात फौजेचा शर्ट, पलीकडे ताडाची झाडं. गाडीच्या टाकीवर पांढऱ्या रंगात फौजेचा नंबर. त्याचा सुरुवातीचा भाग वडिलांच्या गुडघ्यामागे झाकलेला, पण शेवटचे तीन आकडे स्वच्छ दिसतात : चार, एक, सात. आणि टाकी घरातच होती. तेवढा एक भाग कुणी नेला नव्हता, मामी त्यात बरीच वर्षं रॉकेल ठेवायच्या. तिच्यावर रंगांचे थर होते. सर्वात वर मामाजींचा लाल, त्याखाली मामाजींच्या आत्याच्या लग्नाच्या वेळचा निळा, त्याखाली वडिलांनी दिलेला काळा, आणि त्या काळ्याच्या खाली फौजेचा हिरवा. नंबर असलाच तर त्या हिरव्यावर. वरचे थर काढायचे, हिरवा उघडा करायचा, शेवटचे तीन आकडे चार-एक-सात निघाले तर म्हातारा खरं बोलत होता. नाही निघाले तर नाही. साऱ्या शेडमधल्या पसाऱ्याचं मूळ हे होतं. बाकी नटबोल्ट ही सगळी तयारी.

मामाजी बारीकातला बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, बोटाच्या पेराएवढ्या जागेवर, कापसाच्या बोळ्यानं पुसत पुसत थर उतरवायचे. आकड्याचा पांढरा रंग दिसला की दोन-दोन महिने तिथेच थांबायचे. सहा वर्षांत एक अक्षर आणि चार आकडे उघडे झाले होते, म्हणजे वर्षाला जेमतेम एक नग. त्यांनी सुरुवात केली होती ती पहिल्या टोकाकडून, फोटोत गुडघ्यामागे लपलेल्या बाजूनं. मी एकदा वैतागून म्हणालो, मामाजी, दुसऱ्या टोकाकडून घासा ना, एका दिवसात निकाल लागेल. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "घाई कायची हाये? बाप काई पयून नाई चालला." मी घरी येऊन बायकोला म्हणालो की तुझे मामा काही ही गाडी पुरी करत नाहीत. ती म्हणाली, "त्यायले भेव वाटत असन." बायकोला जे चुलीपुढे उभं राहून कळलं ते मला सहा वर्षं बॅटरी धरून कळलं नव्हतं.

आणि मग ती माझी अक्कलहुशारी. दसऱ्याच्या आधी दोन आठवडे मामाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते विश्रांतीला यवतमाळला मुलीकडे राहिले. माझ्या डोक्यात आलं की आता नव्या डोळ्यांनी माणूस घरी येणार, दसऱ्याला आपल्याकडे घरोघर गाड्या धुऊन, रंगवून, झेंडूची माळ घालून पुजतात, तर ह्या वर्षी मामाजींची टाकी आपण रंगवून द्यावी. नुसती रंगवून नव्हे, थर उतरवून, आकडे उघडे करून, ते माझ्या हातानं पांढऱ्या रंगात उजळून. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार असो नाहीतर लग्नाच्या कमानीवरची नावं असोत, दिग्रसमध्ये अक्षर म्हणजे माझंच, ही हवा होतीच डोक्यात. मामींना पटवलं, फोटोही मागून घेतला आणि टाकी गोणपाटात गुंडाळून दिग्रसला आणली. एका ओळखीच्या गाड्या रंगवणाऱ्याकडे दिली. त्याला बजावून सांगितलं, लाल काढा, निळा काढा, काळा काढा, हिरवा लागला की थांबा आणि मला फोन करा. तो म्हणाला, "सर, टेन्शन घेऊ नका." त्याच्याकडे दसऱ्याची गर्दी, सात-आठ मोटरसायकली आणि एक ट्रॅक्टर रांगेत उभे. मी तिथे बसून राहायला हवं होतं. पण शाळेत रांगोळीची स्पर्धा होती आणि परीक्षक मी होतो. मी रांगोळ्या बघायला गेलो.

चार वाजता परत आलो तर टाकी घासलेल्या पितळेच्या भांड्यासारखी लखलखत होती. लाल नाही, निळा नाही, हिरवा नाही, आकडे नाहीत. नुसता पत्रा. "एकदम साफ करून देली सर," तो कौतुकानं म्हणाला. "फोन कायले करता, म्हटलं एका दमातच उरकून टाकू." ज्याच्यासाठी मामाजींनी सहा वर्षं श्वास रोखून धरला होता ते तिथे जमिनीवर धुळीत पडलेलं होतं, आणि त्याच्या दुकानातली बाई ते झाडून काढत होती.

पुढचं मी जे केलं ते थंड डोक्यानं केलं, त्याला सबब सांगता येत नाही. हिरवा रंग मिळवून घेतला, फोटो समोर ठेवला, आणि टाकीवर आकडे काढले. अक्षर आणि पहिले चार आकडे मामाजींनी उघडे केलेले, ते मला पाठ होते. पुढचे तीन फोटोतले काढले. चार, एक, सात. माझं आजवरचं सर्वात सुंदर लेखन. मनात म्हटलं, काय बिघडलं, म्हातारा माणूस आहे, एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते त्याला मिळेल.

दसऱ्याच्या सकाळी टाकी बोरी अरबला ओट्यावर ठेवली. मामाजी काळा चष्मा लावून आले. खूप वेळ त्यांनी तिला हात लावला नाही. मग चष्मा काढला, डोळे बारीक केले, बोट आकड्यांवरून फिरवलं. "लय सरय आले," म्हणाले. मी म्हणालो, मामाजी, माझी चूक झाली, रंगवणाऱ्यानं खालचं सगळं घासून टाकलं, हे मी पुन्हा काढलेत. त्यांचं बोट आकड्यांवरून फिरतच राहिलं. तिथे थांबायला हवं होतं. पण मला ते फिरणारं बोट सोसवेना, आणि मी म्हणालो, "पण घासण्याआधी आकडे दिसले होते. मी पाहिले. चार, एक, सात."

"तुमी पाह्यले? सोताच्या डोयानं?"

"हो."

ते ओट्यावर खाली बसले. मला वाटलं होतं हसतील, मामींना हाक मारतील, साखर वाटतील. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि अगदी हळू म्हणाले, "म्हंजे बुढा खरं बोलत होता." मग टाकीकडे बघत, "म्हंजे चार मानसाईत खोटा म्याच पाडला त्याले." हा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नव्हता. वडील खरे ठरले की मुलगा खोटा ठरतो, हे माझ्यासारख्या शिकलेल्या गाढवाला टाकी रंगवताना सुचलं नाही. मामी आरतीचं ताट घेऊन आल्या, टाकीला हळदकुंकू लागलं, सोनं वाटून झालं. मामाजींनी माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि डोक्यावर हात ठेवला. मी मान खाली घालून उभा होतो.

चार दिवसांनी निरोप आला म्हणून पुन्हा गेलो. शेडमध्ये वही उघडी होती. "माहे डोये अजून बरोबर नाईत," ते म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं हाये, तुमीच लिवा." पेन माझ्या हातात दिला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. पहिल्या रकान्यात, टाकीवरचा नंबर. दुसऱ्यात, "अ". मग मी थांबलो, कारण तिसरा रकाना होता साक्षीचा, आणि त्यात काय लिहायचं ते मला कळेना. आटे नव्हते, छापा नव्हता, वास नव्हता. मामाजीही थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा पाहिलं होतं तसंच, बारकाईनं आणि फार वेळ. मी बोललो असतो तर तेव्हाच बोलायला हवं होतं. मी पेन धरून बसलो.

"लिवा," ते म्हणाले. "साक्ष, जवाई."

मी लिहिलं.

दिवाळीपर्यंत गाडी उभी राहिली. कळंबच्या किकनं तिसऱ्या फटक्याला सुरू झाली, शेडमधल्या चिमण्या उडाल्या, मामींनी कानांवर हात ठेवले. मामाजींनी मला मागे बसवलं आणि शेतापर्यंत गेले. तिथे बांधावर जिथे त्यांच्या वडिलांना अग्नी दिला होता तिथे गाडी बंद करून उतरले, टोपी काढून थोडा वेळ उभे राहिले, आणि परत फिरले. पुन्हा त्यांनी ती फारशी चालवली नाही. त्या उन्हाळ्यात ते गेले. फार त्रास न होता, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मामींनी गाडी आणि वही माझ्याकडे दिली. म्हणाल्या, "तुमीच ठेवा जवाईबापू. पोट्ट्यायले त्यातलं काई समजत नाई. आन् त्यायचा तुमच्यावरच भरोसा होता."

मध्यंतरी शाळेचा फलक रंगवायचा होता म्हणून त्या रंगवणाऱ्याकडे गेलो होतो. तो सहज म्हणाला, "सर, तुमचे मामाजी गेले म्हणे. भला मानूस होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आलते इथी, एसटीनं." मी विचारलं, कशाला? "टाकीचं विचारून राह्यलते. कोन्या नंबरच्या कागदानं घासली म्हणे. म्या ऐंशी नंबर दाखवला, लय खरखरीत असते तो, तं त्यायनं बोटात धरून पाह्यला, अन् हासले जरासे. मंग विचारलं, आकडे कोनी पाह्यले का. म्या म्हटलं, कायचे आकडे, आमाले काई दिसलं नाई, अन् सर तं चार वाजता आले, तवापर्यंत सगयं साफ होतं." मी विचारलं, आणखी काय म्हणाले? "चहा पेले. जवाईबापूले सांगू नका म्हणे म्या आलतो म्हून. आता ते नाईत म्हून सांगतलं."

म्हणजे वही उघडून पेन माझ्या हातात दिला तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. चार-एक-सात मी फोटोतून उचलले हे माहीत होतं, टाकीवर खरं काय होतं ते आता कुणालाच कधी कळणार नाही हेही माहीत होतं. तरी त्यांनी "अ" सांगितलं. वडिलांसाठी सांगितलं की माझी लाज राखायला, की मी बोलतो का ते बघायला एवढा वेळ थांबले होते, हे मी रोज स्वतःला विचारतो. एकदा चार माणसांत एकाला खोटं पाडून त्यांनी आयुष्यभर भोगलं होतं. दुसऱ्यांदा त्यांना ते करायचं नसेल. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या, वहीत "न" लिहिलं असतं आणि बॅटरी धरायला लावली असती. ती बॅटरी मला आज फार आठवते.

गाडी माझ्या पडवीत आहे. ह्या दसऱ्याला तिला झेंडूची माळ घातली, टाकी पुसली, आणि तेव्हा पुन्हा दिसलं की माझा एकही आकडा कललेला नाही. दोनदा वही काढून "अ" खोडायला बसलो. पण वही माझी नाही, आणि निकाल त्यांचा आहे, त्यावर अपील नाही. दीडशे नोंदींच्या त्या वहीत माणसाची साक्ष एवढी एकच आहे. अक्षर माझं आहे, आणि फार छान आलं आहे.